सोंगीची पोटदुखी

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे सोंगी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. शाळा चुकवायची असली की ती पोट धरून अशी काही तळमळायची की आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग ही पांघरुणात आणि मी दप्तर घेऊन एकटी रस्त्यावर. तेव्हाच मी म्हटलं होतं, ही बया सोंगं करूनच पोट भरणार. माझं बोलणं घरात कोणी मनावर घेत नाही, पण हे मात्र खरं झालं.

आधी तिने नाटकात बारीकसारीक कामं केली. मग मुलगी झाली. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर, त्यामुळे नाटकाच्या वेळा काही जमेनात. कोणीतरी तिला मेडिकल कॉलेजात नेलं. तिथे शिकणाऱ्या पोरांची परीक्षा घ्यायला म्हणे खोटे पेशंट लागतात. पलंगावर पडायचं, ठरवून दिलेलं दुखणं दाखवायचं, पोरं येऊन प्रश्न विचारणार, कोपऱ्यात बसून डॉक्टर गुण देणार आणि वरून कॅमेरा सगळं टिपणार. परीक्षा संपली की उठून घरी. मी कपडे शिवते. माझ्या धंद्यात निदान बाही तरी खरी असते, असं मी तिला म्हणायचे, आणि ती हसायची.

पण त्यात ती रमली ती रमलीच. तालीम घरी चालायची. एकदा मी गेले तर बाईसाहेब स्वयंपाकघरात फरशीवर आडव्या, तोंड एका बाजूने लोंबलेलं, ओठातून लाळ. माझ्या हातातली पिशवीच गळून पडली. "ताई, आलीस? चहा ठेव ना," ती त्याच वाकड्या तोंडाने म्हणाली. शेजारी स्टुलावर ठकी पाय हलवत बसली होती. ठकी म्हणजे तिची मुलगी, तेव्हा जेमतेम पहिलीत. ती डॉक्टर झाली होती.

"मावशी, मध्ये बोलू नकोस," ठकी म्हणाली. "आजी आत्ता मरतायत."

त्या घरात सदानकदा कोणीतरी आजारी असायचं. मी दारातच विचारायचे, आज काय? ठकी सांगायची, आज दमा, किंवा आज काकूंना काही आठवत नाही. तालीम संपली तरी सोंगी लगेच परत यायची नाही. आधी हात तिचे व्हायचे, मग आवाज, आणि डावी पापणी सगळ्यात शेवटी वर यायची. तेवढा वेळ ती आमच्याशी बोलत असायची आणि त्या पापणीखालून दुसरंच कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं मला वाटायचं. मला ते घर आवडेनासं झालं होतं, हे मी तिला स्पष्ट सांगितलंही होतं.

पोरगी तेच शिकणार, दुसरं काय. दूध नको असलं की ठकी दमा काढायची. सोंगी रागवायच्या ऐवजी तिला सुधारायची. "आवाज श्वास सोडताना काढ, घेताना नको." दोघी खिदळायच्या. मी कपाळावर हात मारायचे.

मग तो दिवस आला. सोंगी ओट्याशी भाजी चिरत होती. ठकी पोट धरून दारात येऊन उभी राहिली. सोंगीने वळून पाहिलं आणि म्हणाली, "छान. पण हात खाली घे, उजवीकडे. आणि तोंड किती वाकडं करतेस, कमी कर जरा."

ठकीने हात खाली घेतला, तोंड कमी केलं आणि आत जाऊन पलंगावर पडली.

संध्याकाळी मी तिचा फ्रॉक द्यायला गेले. पोर निपचित पडली होती, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. फक्त एका पायाचा अंगठा दुसऱ्या अंगठ्यावर चढवून तिने इतका दाबला होता की नख पांढरं पडलं होतं. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी तिला तशीच उचलली. अपेंडिक्स आत फुटलं होतं. पोर वाचली, पण तोवर आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ठकी घरी आली, शाळेत जाऊ लागली, पण तिने दुखणं दाखवायचंच बंद केलं. एकदा माझ्यासमोर ड्रॉवरमध्ये तिचं बोट सापडलं. तिने बोटाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि बोट पाठीमागे नेलं. रडणं नाही, ओरडणं नाही. सोंगीचा मला इतका राग आला होता की मी तिच्याशी बोलणं टाकलं.

एक दिवस ती माझ्या दुकानात आली. मशीनसमोर उभी राहून म्हणाली, "ताई, मी मेडिकलला अर्ज करतेय. डॉक्टर व्हायला."

"डोक्यावर परिणाम झालाय का तुझ्या? अडतीस वर्षांची घोडी, आता कॉलेजात जाणार?"

"मला दुखणं दाखवता येतं. ओळखता येत नाही. जिथे शिकवतात तिथे जायला नको?"

"त्यासाठी डॉक्टर कशाला व्हायला हवं? पोरीजवळ बस की चार घटका."

"बसते ना. काही दुखतंय का विचारलं की ती माझ्याकडे बघून हसते," सोंगी म्हणाली. "बरोबर हवं तेवढंच हसते, ताई. मी शिकवलंय तसं."

मी हातातला धागा तोडला आणि तिला बसायला स्टूल दिलं.

प्रवेश परीक्षेसाठी तिने शाळेतलं शास्त्र पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. नवरा फोनवर विचारायचा, झेपेल का तुला, आणि ती म्हणायची, न झेपून सांगते कोणाला. पैशासाठी खोट्या पेशंटचं काम चालूच होतं. त्यात एकदा पोटदुखी आली. ती पलंगावर पडली, हात पोटावर नेला, आणि तिच्या पायाचा अंगठा आपोआप दुसऱ्या अंगठ्यावर चढला. "मी नाही चढवला," ती मला शपथेवर सांगत होती. परीक्षा घेणारे डॉक्टर तर खूश, इतकं खरं आजवर कोणी केलं नव्हतं म्हणाले. ते कॅमेऱ्यात कायमचं बसलं. दुसऱ्या दिवशी तिने काम सोडलं.

प्रवेश परीक्षा ती पास झाली. आता राहिली फक्त मुलाखत. ती खोट्या पेशंटच्याच कॉलेजात होती, तिथे मुलाखतही घेतात. मी सोबत गेले आणि बाकावर बसले. दोन खोल्यांमध्ये नुसते प्रश्नच होते, ते बरे गेले. तिसऱ्या खोलीत पेशंट होता. अर्ज करणारा माणूस पेशंटशी कसा बोलतो ते तिथे बघतात. जागा मिळणार की नाही ते इथेच ठरायचं होतं. सोंगी आत गेली आणि माझा जीव टांगणीला लागला.

आत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. पलंगावर एक अनोळखी तरुण बाई होती. सोंगीने विचारलं, काय होतंय? बाईने पोटावर हात ठेवला. मग तो हात खाली घेतला, उजवीकडे. वाकडं केलेलं तोंड हळूहळू कमी केलं. आणि चादरीवर तिचा अंगठा दुसऱ्या अंगठ्यावर चढला.

हे सगळं खोटं आहे हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण त्या दिवशी ओट्याशीही तिला असंच पक्कं माहीत होतं. "वेळ चालू आहे," परीक्षक म्हणाले. ती पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसली आणि म्हणाली, "दुखतंय हे तुम्ही आधी कोणाला सांगितलं होतं का?"

बाई म्हणाली, "आईला."

"मग आई काय म्हणाली?"

बाईने पोटावरचा हात आणखी थोडा खाली घेतला.

सोंगीने उरलेले सगळे प्रश्न विचारले. परीक्षकांना म्हणाली, हिला ताबडतोब ऑपरेशनला न्यायला हवं. बाहेर आली आणि माझ्याशी न बोलता तोंड धुवायला गेली. तिच्या मागोमाग पलंगावरची ती बाई आली, चपला हातात घेऊन, आणि माझ्याजवळ बाकावर टेकली.

"त्या आतल्या बाई तुमच्या कोण?"

"बहीण. का?"

"त्यांनी विचारलेलं मला दिलेल्या कागदात नव्हतंच हो. मी आईला म्हणाले, ते कुठून आलं मलाच कळलं नाही." तिने चपला खाली ठेवल्या. "मला ही पोटदुखी रेकॉर्डिंगवरून शिकवली. ती खऱ्या पेशंटवरून घेतलेली असणार, असं सगळे म्हणतात. ती बाई वाचली का, तुम्हाला काही माहीत आहे?"

"वाचली," मी म्हणाले. "आता दुसरीत आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पाय तिने बाकाखाली घेतले होते. अंगठा अजून चढलेलाच होता.

प्रवेश मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी सोंगीकडेच होते, चहा ठेवत होते. फोन ठेवून ती खुर्चीत बसली. ठकी समोर चित्र रंगवत होती.

"आता आजी येणार नाहीत?" ठकीने विचारलं.

"नाही."

"दमेवाल्या काकू?"

"त्याही नाहीत. आता कोणीच येणार नाही, फक्त मी."

ठकीने खडू खाली ठेवला. चेहरा कोरा, आवाज कोरा. "आई, माझा दात दुखतोय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "खरंच."

आठ वर्षांच्या पोरीला आईपुढे खरंच म्हणावं लागतं, याचं मला फार वाईट वाटलं. सोंगीने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती खाली वाकली आणि टेबलाखाली तिचे पाय पाहिले. मीही पाहिले. दोन्ही अंगठे आपापल्या जागी होते.

सोंगी क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग उठली, पायात चपला सरकवल्या, ठकीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "चल, दाखवून येऊ."

दोघी जिन्यात पोचल्या असतील नसतील तोच मला आवाज आला. ठकी रडत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, मोठा गळा काढून, शेजारपाजारची दारं उघडतील इतक्या मोठ्याने. सोंगी तिला गप्प बस म्हणत नव्हती. मी गॅस बंद केला आणि त्यांच्यामागे निघाले.