मधे न पडणाऱ्यांचं घर

जळगावच्या पिंप्राळ्यात गुलाबनानांचं घर प्रसिद्ध आहे ते माणसांसाठी. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले नाना, बायको द्रौपदाबाई, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, शिवाय महिनाभर मुक्काम ठोकणारा कुणीतरी पाहुणा. हल्ली एवढी माणसं एका छताखाली लग्नात नाहीतर तुरुंगातच सापडतात. म्हणून वस्तीनं नानांना ‘आदर्श एकत्र कुटुंब’ म्हणून शाल दिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत धाकटी सून स्नेहलही होती. सासरे बोलत होते, दुसरं काय करणार?

या घराचा एकच कायदा होता: मोठ्या माणसानं लेकरावर हात उचलला, तर मधे पडायचं नाही. आईनं तर नाहीच नाही.

त्यामागे इतिहास होता. नानांचं मूळ घर धुळ्याकडचं. तिथं एकदा थोरल्या भावानं नानांच्या धाकट्या मुलाला, लहानग्या जीवनला, थप्पड मारली आणि द्रौपदाबाईंनी त्याला दिराच्या हातातून ओढून घेतलं. आठ दिवसांत घरात दोन चुली झाल्या. मारलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यावर कुणालाही वाटलं असतं. नानांना वाटलं, ओढून घेतलं नसतं तर बरं झालं असतं.

तोच जीवन पुढे दीपनगरला नोकरीला लागला. कॉलनीत क्वार्टर मिळत असताना रोज जळगावहून ये-जा करू लागला, कारण घर मोडायचं नव्हतं. त्याचा आणि स्नेहलचा मुलगा प्रशील सात वर्षांचा. त्याला घरातला कुणीही मारू शकत असे: मोठे काका कुंदन पाढे चुकले म्हणून, काकू दूध सांडलं म्हणून, नाना तो उलट बोलला म्हणून. स्नेहल त्या वेळी भाकरी थापत राही. भाकरीचा आवाज जरा वाढे, एवढंच.

मग प्रशीलनं वर्गातल्या मुलाचा पाण्याच्या बाटलीनं दात पाडला. हे तिसरं प्रकरण. आता पुन्हा झालं तर पोराला काढून घ्या, असं शाळेनं सांगितलं आणि समुपदेशक हेमांगीबाईंकडे पाठवलं. स्नेहलबरोबर नानाही गेले. घरचा प्रश्न होता.

“घरी कोण कोण असतं?” बाईंनी विचारलं.

“मना घरमा बारा माणसं शेतस,” नाना म्हणाले. “पोऱ्या बिघडी कसा?”

बाईंनाही ते पटल्यासारखं वाटलं. मारामारी करणारी मुलं बहुधा चौकोनी कुटुंबातली, असं त्या व्याख्यानांत सांगत आल्या होत्या. तरी त्यांनी प्रशीलपुढे बाहुल्या ठेवल्या. “तुझं घर मांड बरं.”

त्यानं मांडलं. छोटी बाहुली मधे, मोठ्या भोवती. एकेक मोठी बाहुली पुढे येऊन छोटीला आपटून जागेवर जायची, अगदी शिस्तीत, कुणी नंबर मोडला नाही. एक बाहुली मात्र त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

“ही कोण रे?”

“मम्मी. ती भाकरी करते.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. स्नेहल खिडकीबाहेर बघू लागली. नानांनी बाहुल्या मोजल्या आणि अभिमानानं म्हणाले, “दखा, बठ्ठी माणसं मांडली. कुणाला इसरला नाही.”

संध्याकाळी कुंदननं शाळेत अब्रू घालवल्याबद्दल प्रशीलला पुढ्यात बोलावलं. हात वर गेला. स्नेहल पिठाच्या हातांनी उठली आणि मधे उभी राहिली.

“दादा, बस झालं.”

“तू सरक. मी काका आहे त्याचा.”

“आणि मी कोण आहे?”

असा प्रश्न त्या घरात पूर्वी कुणी विचारला नव्हता. द्रौपदाबाई तेवढ्या म्हणाल्या, “स्नेहल, बाजूला हो बाई. मी नव्हते झाले, मग जन्मभर ऐकलं.”

ती बाजूला झाली नाही. तेवढ्यात मागून प्रशीलनं तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मारणाऱ्यांत आईचा नंबर कधी आला नव्हता, तो आज आला असं त्याला वाटलं असावं.

“पाहिलं?” नाना म्हणाले. “लाडाचं फळ.”

पुढच्या महिन्यात जीवननं क्वार्टर घेतलं. वडिलांना सांगताना त्यानं मान वर केली नाही, पण सामान हलवलं. दीपनगरला प्रशीलची नवी शाळा सुरू झाली. तिथून एकही तक्रार आली नाही. घरी मात्र तो आईला मारी. बुक्क्यांनी, चपलेनं, हाती लागेल त्यानं. स्नेहल त्याचे हात धरून ठेवी, तो दमेपर्यंत. उलट मारत नसे. अख्ख्या घराचं देणं तो एकटीला देत होता आणि ती घेत होती.

नाना पारावर बसले की कुणीतरी विचारतंच, “नाना, धाकटा काय म्हणतो?”

“गेला येगळा. आता पोरगा आईवर हात उचलतो,” नाना सांगतात. “आमच्याकडे होता तोवर हिंमत नव्हती त्याची.”

आणि यात एक अक्षरही खोटं नाही.