इन्स्पेक्टरचा रविवार

पंधरा वर्षांचा मुलगा दोन्ही हात पाठीमागे बांधून चालतो, हे मी त्याच्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगचा जिना तो तसाच चढून यायचा आणि दारात तसाच उभा राहायचा. पाण्याचा पेला पुढे केला की एक हात नाइलाजाने बाहेर यायचा. पाणी संपलं की पुन्हा मागे. शाळा तपासायला आलेला साहेब वर्गातून फिरतो, तसा तो आमच्या हॉलमधून फिरत असे. माझ्या यजमानांनी त्याला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायला सुरुवात केली. मग मैदानावर, शाळेत आणि शेवटी त्याच्या घरीही तेच नाव रुळलं.

माझे यजमान वसईतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. आम्हाला मूल नव्हतं. मैदानावरची पोरं घरी यायची, खायची, जायची. मला त्या खेळातलं काही कळत नसे. एवढंच ठाऊक होतं की इन्स्पेक्टर मागे खेळतो, आपल्या गोलासमोर, आणि समोरच्याला आत येऊ देत नाही.

हातांची गोष्ट मला सरांनी सांगितली. शाळांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता. गोलासमोर याच्या हाताला चेंडू लागला, पंचांनी पेनल्टी दिली आणि आमची शाळा हरली. सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पोराने हात मागे घेतले ते घेतलेच. सर हसून म्हणाले, “अरे, गोलासमोर असशील तेव्हा मागे ठेव. बाजारात कशाला?” तर हा म्हणाला, “सर, सवय मैदानात लागत नाही. ती बाहेरच लावावी लागते.”

त्याचं घर भुईगावात. वडिलांची केळीची आणि फुलझाडांची वाडी, आई भाजी घेऊन वसईच्या बाजारात बसायची. रविवारी सकाळी तो सायकलवरून यायचा आणि केळीच्या पानात गुंडाळलेली चाफ्याची फुलं नाहीतर अळूची जुडी माझ्या ओट्यावर ठेवायचा. आदल्या दिवशीचा सामना जिंकला की हरला, हे तो कधीच सांगत नसे. विचारलं की म्हणायचा, “काल कुणी आत आलं नाही, काकू.” किंवा, “काल दोघं आत आले.” जणू स्वतःच्या घराच्या दारात राखणीला उभा होता. जे आत आले त्यांच्याबद्दल मग तो आणि सर तासभर बोलत बसायचे. मी त्यांना गरम घावन वाढत राहायचे.

अठराव्या वर्षी त्याला दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या क्लबने घेतलं. तेव्हापासून रविवारी सायकलच्या जागी फोन आला. तो सरांशी बोलायचा, माझी चौकशी करायचा. दीड वर्षाने सर गेले. सकाळी चालायला म्हणून बाहेर पडले, रस्त्यातच कोसळले आणि परत आलेच नाहीत. इन्स्पेक्टर पाचव्या दिवशी आला. अंगात क्लबचा ट्रॅकसूट, खांद्यावर बॅग. दुपारभर सरांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून राहिला. निघताना चप्पल घालताघालता त्याने विचारलं, “काकू, आता रविवारी मी कुणाला फोन करू?”

“मला कर.”

“तुम्हाला फुटबॉल कळत नाही.”

“तू सांग. मी ऐकते.”

पुढच्या वर्षी त्याच्या क्लबने त्याच्या जागी अनुभवी माणूस आणला आणि याला एका हंगामासाठी फिनलंडमधल्या छोट्या गावातल्या क्लबकडे लोनवर पाठवलं. “लोन म्हणजे उसना दिला, काकू,” तो म्हणाला. “तिथे चांगला खेळलो तर पुढे काहीतरी आहे. नाही खेळलो तर इथेही कुणी वाट बघत नाही.” त्याची आई मूळची खाडीपलीकडच्या भातशेतीच्या गावातली, तोंडाने फटकळ. ती मला म्हणाली, “वाटीभर साखर देतात उसनी. मानूस कोन देतं?” आणि पदराने डोळे पुसून त्याच्या बॅगेत सुक्या बोंबलाचं पाकीट कोंबलं.

तिथे तो एकटा पडला. क्लबने दिलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक खाट, एक टेबल, एक शेगडी. बोंबील भाजले तेव्हा शेजारणीने दार वाजवलं आणि हाताने नाक धरून दाखवलं. उरलेलं पाकीट त्याने टाकून दिलं. हे त्याने आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही म्हणे. तो खिडकीला चादर लावून झोपायचा. “लोक वाईट नाहीत,” तो म्हणायचा, “पण बसमध्ये कुणी शेजारी बसत नाही. दोन माणसांची जागा असली तरी उभे राहतात.” पहिले सहा सामने तो बाहेर बाकावर बसून होता. रविवारी आपल्या चारच्या चहाला त्याचा फोन यायचा आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी तो म्हणायचा, “काकू, आज मी खेळलो नाही. पण बघत होतो.”

सातव्या सामन्यात एकाचा गुडघा दुखावला आणि याला आत पाठवलं. शनिवार होता. ते सामने इंटरनेटवर दिसत. शेजारच्या मुलीकडून मी लॅपटॉपवर लावून घेतला आणि दिवेलागणीला एकटीच बघत बसले. पाऊण तास सगळं ठीक होतं. मग त्यांचा गोलरक्षक, लाल दाढीवाला थोराड माणूस, काहीतरी मोठ्याने ओरडला. इन्स्पेक्टरने डावीकडे पाहिलं. प्रतिस्पर्धी त्याच्या पाठीमागून आला आणि चेंडू घेऊन आत गेला. मला फुटबॉल कळत नाही, पण तेवढं कळलं. शिट्टी झाली, सगळे आत निघून गेले, हा मात्र गवतावर तसाच बसून होता. मग चित्रच बंद झालं.

त्या रविवारी चार वाजले, साडेचार वाजले. फोन आला नाही. पहिल्यांदाच मी स्वतः लावला.

“गोलरक्षक काय ओरडला ते मला समजलंच नाही, काकू,” तो म्हणाला. “पाठीवर माणूस आहे, असं सांगत होता. मला शब्दच माहीत नव्हता. आता सरांना काय सांगू?”

सर नव्हते हे त्यालाही माहीत होतं. मी विचारलं, “सर असते तर रागावले असते?”

“नाही. गप्प बसले असते.”

“मग मीही गप्प बसते. फोन ठेवू नकोस.”

आम्ही किती वेळ तसे होतो कुणास ठाऊक. मला त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मग नळ सुरू झाला, भांड्यात तांदूळ पडले, पाणी उकळायला लागलं. मी इथे भाजी निवडत बसले. शेवटी तो म्हणाला, “भात झाला. जेवतो.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन त्या लाल दाढीवाल्याकडे गेला आणि मैदानावर लागणारा एकेक शब्द लिहून घेतला. पुढचे कितीतरी रविवार मी त्याची उजळणी घेतली. त्याने मला शब्द मोबाइलवर पाठवले होते. मी मराठीत विचारायचे, तो त्यांच्या भाषेत ओरडायचा.

“डावं?”

“व्हासेन! वसईसारखंच आहे, काकू.”

“पाठीवर माणूस?”

“सेल्का!”

“हळू काय बोलतोस? मला भुईगावापर्यंत ऐकू यायला पाहिजे.”

शेजारणीने पुन्हा दार वाजवलं. या वेळी त्याने दार उघडून तिलाच शब्द वाचून दाखवले. म्हातारीने त्याचे उच्चार सुधारून दिले आणि हसत हसत परत गेली.

ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा संधी मिळाली आणि मग त्याने जागा सोडली नाही. शेवटचा सामना हरले असते तर तो क्लब खालच्या गटात गेला असता. मी लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला होता. तिथे पाऊस पडत होता, प्रेक्षक मूठभर. त्या ओल्या शांततेत एक आवाज सारखा येत होता, व्हासेन, सेल्का, पुन्हा सेल्का. घरी ज्याला पोळी हवी का विचारलं तर मान हलवून उत्तर द्यायचा, तो मुलगा तिथे दहा परक्या माणसांना ओरडून ओरडून जागेवर ठेवत होता. शेवटच्या मिनिटाला चेंडू मोकळ्या गोलाकडे निघाला तेव्हा त्याने धावत जाऊन तो रेषेवरून छातीने परतवला. लाल दाढीवाल्याने त्याला उचलूनच घेतलं. कुणी आत आलं नाही. मी उठून सरांच्या फोटोपुढे उभी राहिले. त्यांना सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या क्लबने त्याला परत पाठवलंच नाही, कायमचा करार दिला. डिसेंबरात तो तीन आठवडे आला तेव्हा खांदे रुंद झाले होते, बोलणं वाढलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून त्याने शेजारणीची, गोलरक्षकाच्या मुलीची, गोठलेल्या तळ्यावरून चालण्याची गोष्ट सांगितली. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा आता तिकडचा झाला. जाताना त्याने वाकून नमस्कार केला. “काकू, रविवारी,” म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मार्चपर्यंत फोन येत राहिला. मग एकदा अडखळत म्हणाला, “काकू, गोलरक्षकाच्या घरी आता दर रविवारी जेवायला बोलावतात. त्यांची मुलगी मला त्यांची भाषा वाचायला शिकवते. चारला नाही जमणार कदाचित.”

“जा की. फोनचं काय एवढं!” मी म्हटलं. आवाज नीट लागला असावा, कारण तो मोकळा हसला.

पुढच्या रविवारी मी चहा केला, कप टेबलावर ठेवला आणि मला तिथे बसवेना. साडी बदलली, बस पकडली आणि भुईगावला गेले. त्याची आई अंगणात गजऱ्यांची फुलं निवडत होती. मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि एक टोपली पुढे ओढली.

टोपली अर्धी झाली तेव्हा तिने विचारलं, “तुला फोन आला त्याचा?”

“नाही. तुम्हाला?”

“मलापन नाय.” तिने एक कोमेजलेलं फूल बाजूला टाकलं. “म्हनजे बरं चाललंय पोराचं.”

आणि आम्ही दोघी उरलेली फुलं निवडत बसलो.