तिक्कून तयार आहे

सोलिका ओहायोनच्या दुकानावर पाटी होती: ‘तिक्कूनिम’. म्हणजे दुरुस्त्या. पँट आखूड करून मिळेल, चेन बदलून मिळेल, कंबर सैल करून मिळेल. बाकी सगळ्या देशात ही पाटी वाचून लोक पिशवीत कपडे घालून येतात. पण हे पडलं त्स्फात, इस्राएलमधलं जुन्या यहुदी गूढगुरूंचं गाव. इथे तिक्कून म्हटलं की लोकांना पँट आठवत नाही, आत्मा आठवतो. फुटलेल्या जगाची दुरुस्ती, मागच्या जन्मीच्या चुकांची दुरुस्ती, आणखी कसली कसली. त्यामुळे अधूनमधून एखादा पांढऱ्या कपड्यांतला माणूस पाणावल्या डोळ्यांनी दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, “मला तिक्कून हवंय.”

“कुठे उसवलंय?” सोलिका मशीनवरून मान वर न करता विचारायची.

“आत,” तो छातीवर हात ठेवायचा.

“अस्तर का? काढ कोट, बघते.”

शेजारचा चीजवाला म्हणायचा, पाटी बदलून टाक, सरळ ‘शिवणकाम’ लिही. ती का बदलेल? सासूच्या वेळेपासून हाच शब्द दुकानावर होता. तिचा मुलगा अव्नेर शाळकरी असताना दुपारभर कपड्यांचे गठ्ठे घरोघर पोचवायचा, आणि दार उघडलं की तिने शिकवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकायचा: “तिक्कून तयार आहे, आज घ्या, नाहीतर दुसऱ्याला देऊन टाकू.” अख्ख्या गल्लीला ते पाठ होतं. लोक त्याला रस्त्यात अडवून मुद्दाम म्हणायला लावायचे.

आणि बाहेरचे येडे एकवेळ परवडले. घरात एक होता, त्याने मात्र तिला पुरता वात आणला होता.

तिच्या नवऱ्याने, निस्सीमने, जन्मभर बस चालवली. बस उशिरा नेली नाही, प्रवाशाशी भांडला नाही, देवाच्या फार मागे लागला नाही. निवृत्त झाला आणि एका हिवाळ्यात रब्बी गेडाल्यांच्या वर्गात जाऊन बसला. पहिल्यांदा गेला तो तिथल्या हीटरसाठी, हे सोलिका आजही शपथेवर सांगेल. वर्ग होता रोजच्या जगण्यातल्या कबालाचा, म्हणजे यहुदी गूढविद्येचा. रब्बी सांगायचे की जग घडताना प्रकाशाचं भांडं फुटलं आणि त्याच्या ठिणग्या प्रत्येक वस्तूत अडकून बसल्या. माणसाने मन लावून खाल्लं, मन लावून काम केलं, मन लावून बोललं की त्या सुटतात.

शिकवण वाईट नव्हती. सोलिकाची आजी मोरोक्कोत खाली पडलेल्या पावाच्या तुकड्याची पापी घ्यायची, तेही तेच होतं. पण निस्सीम म्हणजे प्रत्येक गोष्टीला घटकाभर लावणार. एक ऑलिव्ह तोंडात टाकायचा तर आधी डोळे मिटून बसणार. चहात पुदिना घालायचा तर पुटपुटणार. पुदिना काळा पडायचा, चहा गार व्हायचा. आणि स्वयंपाकघरातला नळ मात्र टपटपतोय तो टपटपतोय.

“तुझ्या रब्बीला विचार, नळातपण ठिणगी असते का,” ती म्हणायची. “असेल तर वॉशर बदल आणि सोडव तिला.”

“तू थट्टा करतेस.”

“थट्टा नाही रे बाबा. माझी झोप उडालीय.”

सकाळच्या प्रार्थनेआधी गॅलरीत उभा राहून तो मोठ्याने म्हणायचा, “शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करण्याची आज्ञा मी आज माथी घेतो.” या गावच्या जुन्या गुरूंची ही रीत. ऐकून सोलिकाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण हाच माणूस पोटच्या पोराशी बोलत नव्हता.

झालं होतं ते एवढंसं. शुक्रवारची रात्र, मेज मांडलेलं, अव्नेर आपल्या नव्या नवरीला, लितलला, घेऊन आलेला. निस्सीमने पाव हातात धरला आणि डोळे मिटले. मिटले ते उघडेनातच. तिखट रश्श्यातला मासा निवला, वर तेल गोठलं. शेवटी अव्नेर म्हणाला, “अब्बा, ठिणगी सुटली असेल तर आता आम्हालाही सोड.” आणि लितल हसली. फिस्सकन. पोर नवी होती, भुकेलेली होती, हसली.

निस्सीमने डोळे उघडले. “ज्याला माझ्या मेजावर हसायचंय त्याने दुसरं मेज बघावं.”

अव्नेरही त्याच्याच हाडाचा. उठला, बायकोला उठवलं, आणि शब्बातच्या रात्री, गाडीला हात लावायलाही मनाई असताना, गल्लीत गाडी चालू करून कार्मिएलला आपल्या घरी निघून गेला. तो आवाज सगळ्या शेजाऱ्यांनी ऐकला. त्यानंतर लितलला दिवस गेले, पोट दिसायला लागलं, महिने भरले, आणि बापलेकांत एक शब्द नाही. सोलिका एकटी बसने जाऊन सुनेला कुसकुसचा डबा देऊन यायची.

आणि आता मुलगा झाला होता. अव्नेरचा फोन आईला आला.

“इमा, बुधवारी बाळाचा आठवा दिवस, सकाळी सुंता. बाळ मांडीवर घ्यायचा मान अब्बाचा आहे, खुर्ची मी त्याच्यासाठी धरून ठेवतो. नाही आला तर लितलचे वडील बसतील. मी परत बोलावणार नाही. हे एकदाच.”

“तूच सांग ना त्याला.”

“मी सांगितलं तर तो डोळे मिटेल,” अव्नेर म्हणाला. त्याचा आवाज जरा हलला, म्हणून त्याने फोन ठेवला.

सोलिकाने रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं, जेवताना सांगितलं, भांडी घासताना सांगितलं. निस्सीमचं उत्तर तयार होतं. “मनातला राग अजून दुरुस्त झालेला नाही, सोलिका. राग घेऊन एवढ्या पवित्र कामाला बसलो तर दुरुस्ती राहील बाजूला, फुटायचंच आणखी. आधी माझं तिक्कून पुरं होऊ दे.”

“कधी होईल?”

“आत्म्याला वेळ लागतो.”

“बाळाला नाही लागत. ते आठव्या दिवशी आठ दिवसांचं होतं.”

तो गॅलरीत गेला. तिला वाटलं, ओरडावं, ताट फेकावं. इतकी वर्षं संसार केला या माणसाशी, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ताच कुणी उखडून नेला होता. बुधवारी ती खुर्ची दुसऱ्याकडे गेली की संपलं. अव्नेर शब्दाला पक्का होता. हट्ट कुणाकडून आला, ते काय तिला ठाऊक नव्हतं?

मंगळवारी दुपारी दुकानात एक उंच माणूस आला. पांढरा सदरा, पांढरी दाढी, आणि बाजारात घेतलेली पांढरी पँट, पायाखाली लोळणारी. नाव ओफेर, रामात गान शहरात कॉम्प्युटरचं काम करायचा.

“तुमची पाटी वाचली,” तो म्हणाला. “मला वाटतं, मला कुणीतरी इथे पाठवलंय.”

“पँटनेच पाठवलंय. त्या पडद्यामागे जा, काढून दे.”

ती शिवत होती आणि तो पडद्याआडून बोलत होता. जगण्यात अर्थ उरला नाही, घटस्फोट झाला, आता इथून रब्बी गेडाल्यांच्या वर्गाला जाणार. हे नाव ऐकलं आणि सोलिकाची सुई बोटात गेली.

“तिथे चाललायस? मग माझा एक निरोप ने. पहिल्या रांगेत, हीटरपाशी, राखाडी टोपीचा म्हातारा बसतो. त्याला म्हणावं, निस्सीम, आलियाच्या मुला. आईच्या नावानेच हाक मार, तिथे तसंच चालतं, बायकोचं नाव त्याला ऐकू येत नाही. म्हणावं, तुझं तिक्कून तयार आहे, कार्मिएलला, उद्या सकाळी. घे, नाहीतर दुसऱ्याला देऊन टाकू.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि मी कंटाळले म्हणावं.”

तो टोमणा होता. जळजळ होत होती, ती तिने ओकून टाकली, बस. ओफेरने पँट घातली, घोट्यापाशी वाकून टाका पाहिला, छातीवर हात ठेवून नमस्कार केला आणि गेला. वर्गात निरोप सांगताना कंटाळल्याचं तो विसरलाच.

संध्याकाळी निस्सीम घरी आला तो पांढराफटक. खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला.

“माझा पांढरा शर्ट इस्त्री कर. आपण उद्या कार्मिएलला जातोय.”

“काय झालं?”

“वर्गात एक माणूस आला. नखशिखांत पांढरा. या गावात कधी न पाहिलेला. सगळ्यांना सोडून सरळ माझ्यासमोर उभा राहिला, माझ्या आईचं नाव घेतलं, सोलिका. माझ्या मेलेल्या आईचं नाव. म्हणाला, तुझं तिक्कून तयार आहे, कार्मिएलला. आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मला वळून बघायचा धीर झाला नाही.” त्याने आवाज खाली आणला. “सुंतेला एलियाहू संदेष्टा येतो. या वेळी तो आमंत्रण द्यायला आला.”

सोलिकाने तोंड उघडलं. जिभेवर आलं होतं: अरे गाढवा, तुझा संदेष्टा दोन तासांपूर्वी माझ्या पडद्यामागे चड्डीवर उभा होता. पण तिने तोंड मिटलं आणि इस्त्री तापत ठेवली. शर्टाची कॉलर तिने संतापाने दाबून काढली. बायको दिवसरात्र घसा कोरडा करते ते कानाला लागत नाही, आणि कुणी अनोळखी लांब दाढीवाला एक वाक्य बोलतो की हा शर्ट मागतो. पण जातोय ना? जातोय. मग गीळ बाई, म्हणाली ती स्वतःला.

बुधवारी बसमध्ये त्याने ही गोष्ट ड्रायव्हरला सांगितली, कारण जुना सोबती होता. मग शेजारच्या बाईला सांगितली. सोलिका खिडकीबाहेर बघत राहिली.

कार्मिएलच्या प्रार्थनाघरात माणसं जमली होती. एक खुर्ची एलियाहूची, रिकामी, आणि तिच्याशेजारी दुसरी. लितलचे वडील नवा सूट घालून त्या दुसऱ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर उभे होते. अव्नेर दारात आला. बापलेक समोरासमोर थांबले. मग निस्सीमने, दुसरं काही येत नव्हतं म्हणून, तीच गोष्ट सांगायला घेतली. पांढरा माणूस. आईचं नाव. “आणि म्हणाला, तुझं तिक्कून तयार आहे. घे, नाहीतर दुसऱ्याला देऊन टाकू.”

हे सोलिकाने धरलंच नव्हतं. जगात एकाच माणसाला ते वाक्य झोपेतून उठवलं तरी ओळखता आलं असतं, आणि तोच समोर उभा होता.

अव्नेरने बापाच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. तिने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. त्याच्या ओठाचा एक कोपरा वर जायला लागला होता. तिने तो कोपरा ओळखला. त्या शुक्रवारीही तो असाच वर गेला होता. आता हा हसणार, मनात आलं तिच्या, आणि सगळं जाणार.

“पांढऱ्या कपड्यांत होता?” अव्नेरने विचारलं.

“पांढऱ्याशुभ्र.”

“आणि दुसऱ्याला देऊन टाकू म्हणाला?”

“शब्दाला शब्द.”

अव्नेरने हसू गिळलं. ओठ खाली आला. “मग बस ना, अब्बा. तो दुसरा उभाच आहे बघ, नवा सूट घालून.”

निस्सीम बसला. लितलने बाळ आणलं, तिच्या आईने ते उशीवर ठेवून त्याच्या मांडीवर दिलं. बाळ रडायला लागलं. सुंता करणाऱ्याने बाह्या सावरल्या, हत्यार हातात घेतलं. आणि निस्सीमने डोळे मिटले.

मिटले ते मिटलेच. बाळ टाहो फोडत होतं, मागे कुणी खाकरलं, लितलच्या वडिलांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सुंता करणाऱ्याने भुवया उंचावून अव्नेरकडे बघितलं.

“थांबू या जरा,” अव्नेर म्हणाला. “माझ्या वडिलांना वेळ लागतो.”

सोलिकाने पर्समध्ये रुमाल शोधला. चेन इतक्यांदा उघडली होती, पण रुमाल काही सापडला नाही. तेव्हा तिने बाहीनेच डोळे पुसले आणि मनातल्या मनात नवऱ्याला, त्याच्या रब्बीला आणि घरच्या गळक्या नळालाही चार शिव्या हासडून घेतल्या.