पुसलेली जागा

"आपलं पान आपण उचल. आणि जागा पुसून घे."

अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. आवाज चढवला नाही. ताक वाढायला सांगावं तसं सांगितलं. पंगत उठत होती. सांगलीकडचे यात्रेकरू हात धुता धुता थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले.

बनारसमध्ये अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. महाराष्ट्रातून श्राद्धाला येणारी माणसं आमच्याकडे उतरतात. विधी अण्णा सांगतात, मग पंगत बसते. आमच्यात जेवणारा आपलं पान उचलत नाही. घरातलं कुणीतरी मागून उचलतं, जागा पुसतं. ज्याला आपलं उष्टं आपण काढायला लावलं, तो पंगतीतला नव्हे. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या यात्रेकरूंनाही लागलं नाही.

आदल्या दिवशी मी आईला सांगितलं होतं. माझ्यासाठी मुलगी बघू नका. मला मुलगेच आवडतात. आई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. अण्णांना तिनंच सांगितलं असणार, घरात तिसरं होतं कोण? सकाळी माझं पान जिन्यापाशी, एकटं मांडलेलं. पहिला घास घ्यायच्या आधी सगळे हर हर महादेव म्हणतात. मीपण म्हटलं, जिन्यापासून. कुणी मान वळवली नाही.

मी पान उचललं. फडकं आणलं. जागा पुसली. चांगली कोपऱ्यापर्यंत पुसली, जसं काही त्याचं बक्षीसच मिळणार होतं!

त्याच जिन्याखाली एका कोनाड्यात एक कप असायचा. कान तुटलेला. गल्ली झाडायला येणाऱ्या मुन्नीदेवीचा. चहा पिऊन ती तो स्वतः विसळायची आणि परत तिथंच ठेवायची. लहानपणापासून रोज बघत होतो. कधी काही वाटलं नाही. फडकं हातात घेऊन वाकलो, तेव्हा तो कप नाकासमोर आला. तेव्हा कळलं, आमच्या घराला हे नवीन नव्हतं. फक्त मी नवीन होतो.

तेव्हापासून हा उजवा हात बिघडलाय. कुठंही बसून उठलो, की तो मागं वळतो आणि जागा पुसतो. ऑटोत, बँकेत, दवाखान्याच्या बाकावर. मला विचारत नाही. मित्र हसतात, "क्या सफाई का भूत चढ़ा है!" भूतच आहे. रिकाम्या खोलीतसुद्धा पाठीमागून अण्णांचा तो शांत आवाज येतो. शिव्या दिल्या असत्या तर एवढा टिकला नसता.

घर सोडलं. गंगेवर फिरणाऱ्या एका मोठ्या जहाजावर नोकरी लागली. क्रूझ. वेटरची नोकरी, पांढरे हातमोजे, पितळेची बटणं. दर फेरीला जहाज आमच्याच घाटांसमोरून जायचं. गाईड माईकवर नावं सांगायचा, संकठा घाट, मुन्शी घाट. पाहुणे फोटो काढायचे. मी चहाचा ट्रे धरून आमची खिडकी शोधायचो. कधी आईची साडी वाळत असायची, कधी आई स्वतः उभी दिसायची. हात करावासा वाटायचा. पण हातात ट्रे असायचा. बरंच होतं ते.

त्या जहाजावर दर फेरीत एक संध्याकाळ ठरलेली. वरच्या हॉलमध्ये, एलजीबीटी पाहुण्यांचा स्नेहमेळावा. दिवसाच्या कार्यक्रमात उघड छापलेला, भजन आणि योगाच्या मधे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो कागद हातात धरून उभाच राहिलो. आमच्या नदीवर? आमच्या घाटांसमोर?

मॅनेजरसाहेब स्वतः सुरुवात करून द्यायचे. हात जोडून, गोड हसून. "यहाँ सब अपने हैं." मग पाहुणे गोल करून बसायचे आणि बोलायचे. मी सरबत फिरवायचो आणि ऐकायचो. दोन बायका एकमेकींची चेष्टा करायच्या. एक म्हातारा आपल्या गेलेल्या जोडीदाराचा फोटो दाखवायचा. माझं सगळं अंग कान झालेलं असायचं. ग्लास भरलेले असले तरी मी परत परत जायचो.

एका फेरीत सातारचे दोघे होते. एक निवृत्त मास्तर, दुसरे औषधाच्या दुकानाचे मालक. माझ्या जन्माआधीपासून एकत्र राहणारे. मला मराठी येतं कळल्यावर मास्तर खूष. "अरे वा! काशीत आपला माणूस!"

त्या संध्याकाळी प्रश्न फिरत होता, पहिल्यांदा कुणाला सांगितलंत? कुणी बहिणीला, कुणी डॉक्टरला. मास्तरांचं झालं. ते माझ्याकडे वळले. मी ट्रे घेऊन उभा. कसं ओळखलं त्यांनी, देव जाणे.

"आणि तुम्ही हो?"

मी ट्रे दुसऱ्या हातात घेतला.

"बसा आधी. असलं काही उभ्यानं सांगत नाहीत."

शेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी ट्रे खाली ठेवला. बसलो. म्हणालो, "आईला." मग तांदूळ सांगितले. जिना सांगितला. पान सांगितलं. आधी मराठीत, मग हिंदीत. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. एक बाई रडायला लागली.

आणि मॅनेजरसाहेब आत आले.

हसू तसंच. पाहुण्यांकडे बघून मान लववली. माझ्यापाशी वाकले. हळू बोलले, पण शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं.

"ये सब शौक टिकट वालों के हैं. उठ. कुर्सी पोंछ, और बाहर चल."

आणि खिशातला नॅपकिन काढून माझ्यापुढे धरला.

मी उठलो. मागं वळलो. नॅपकिन हातात आला होता, हात निघालासुद्धा. बैठकीला टेकला. घाण नव्हतीच तिथं, कशी असेल? आताच तर बसलो होतो, धुतलेल्या कपड्यांत. आणि तो आवाज आला. जागा पुसून घे. अण्णा घरी होते, समोरच्या काठावर, कदाचित संध्या करत असतील. पण आवाज इथं होता, या एसी हॉलमध्ये, आणि या माणसाच्या तोंडून हिंदीत बोलत होता.

खुर्चीत बसलेल्यांनी म्हटलं की प्रेम. ट्रे धरणाऱ्यानं तेच म्हटलं की घाण. तिकीट काढलं की माणूस, नाहीतर पोंछा. अरे, मग घरात आणि जहाजात फरक काय?

मी नॅपकिन साहेबांच्या खांद्यावर टाकला.

"नहीं पोंछूँगा."

आणि परत बसलो. त्याच खुर्चीत, पाठ टेकून.

मास्तर म्हणाले, "इनको हमने बिठाया है." पण दिल्लीचा एक पाहुणा म्हणाला, "छोड़िए ना, शाम ख़राब हो रही है." शाम! बाकीचे आपापल्या ग्लासात बघत बसले. मी रागावलो नाही. नाही, खोटं कशाला बोलू? रागावलो. साहेबांपेक्षा त्यांच्यावर जास्त. त्यांनाही कधी कुठल्या तरी पानावरून उठवलं असेल, आणि तरी ते गप्प बसले.

कार्यक्रम संपेपर्यंत मी हललो नाही. दुसऱ्या दिवशी मला पलीकडच्या काठावर, रामनगरला उतरवलं. बटणांचा कोट काढून घेतला. मास्तर कठड्याशी उभे होते, त्यांनी हात केला. माझा हात मोकळा होता. मीही केला.

नोकरी गेली. हात अजून सुधारलेला नाही. सकाळी चहाच्या टपरीवरून उठताना परत मागं गेला. मी मनगट धरून ठेवलं.

आता पितृपक्ष येतोय. घरी पंगती बसतील. मला बोलावणार नाहीत, तरी मी जाणार. आधी जिन्याखालचा तो कप काढणार आणि वर नेऊन आमच्या कपांच्या ओळीत ठेवणार. मग पाट ओढून पंगतीत बसणार, यात्रेकरूंच्या मधोमध. हर हर महादेव म्हणणार, सगळ्यांच्या बरोबरीनं. वाढलं तर जेवणार. नाही वाढलं तर रिकाम्या पानासमोर बसून राहणार, पंगत उठेपर्यंत.

मग उठणार. मागं वळणार नाही. आईला पानाला हात लावू देणार नाही, तिनं जन्मभर सगळ्यांची उचलली. ते अण्णांनी उचलावं. नाहीतर वाळू दे तिथंच.