जातो म्हणणारा माणूस

कॉलेजात त्याला सगळे मरणमास्तर म्हणत. म्हणत पाठीमागे, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि त्याला ते आवडायचं, काय बोलणार! नोकरीभर या गृहस्थानं एकच दळण दळलं: दोन अमेरिकन कवी मरणाबद्दल कसं लिहितात, त्याची तुलना.

पहिल्याला तो मऊ म्हणे. या मऊनं बापावर कविता लिहिली, त्यात बाप गेल्यावरही टेबलावर त्याची बशी मांडलेली, खुर्ची जराशी मागे ओढलेली, आणि मेला हा शब्द कुठेच नाही. दुसरा कडक. त्याच्या कवितेत आईच्या प्रेताला अंघोळ घालतात, हात उचलताना किती जड लागतो तेही येतं. "मऊ घाबरट आहे. कडक मर्द आहे. संपली तुलना!" असं म्हणून मास्तर फळ्यावर खडू आपटायचा. कुणाला मऊ आवडला तर नाक मुरडायचा. पेपरात कुणी "कवीचे वडील वारले" असं लिहिलं की लाल रेघ मारून मार्क कापायचा. "वारले काय, निवर्तले काय! माणूस मरतो. मेला म्हणा की सरळ. जिभेला काय फोड आलेत?"

त्याची सख्खी भाचीही एक वर्ष त्याच्या वर्गात होती. तिलाही मऊच आवडायचा. तिचेही मार्क कापले, वर सगळ्यांसमोर तिचा पेपर वाचून दाखवला. पोर रडत घरी गेली, तर हा म्हणतो, रडूबाई.

घरी मात्र त्याच्या कडकपणाला कुणी भीक घालत नव्हतं. घरी म्हणजे ताईकडे. थोरली बहीण, आईबापामागे शाळेचे गणवेश शिवून तिनं याला वाढवलं. तिच्या तोंडी मेल्या म्हणजे लाडाचं नाव. "मेल्या, जेवलास का?" "मेल्या, किती वाळलास रे!" तिचं एकच भांडण: हा निघताना "जातो" म्हणायचा.

"येतो म्हण रे."

"जातोय तर येतो कशाला म्हणू? शब्दाला घाबरतेस तू. तो मऊ आणि तू, एका माळेचे मणी!"

"असेन. तू येतो म्हण."

नाही म्हणजे नाहीच म्हणाला कधी. दीडशहाणा.

मग ताईचं हृदय बिघडलं आणि ऑपरेशन ठरलं. ठरलं ते नेमकं याच्या निवृत्तीच्या, निरोपाच्या व्याख्यानाच्या दिवशी. सकाळी हा वॉर्डात गेला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कागद काखेत मारून. ताई हिरव्या गाऊनमध्ये इवलीशी दिसत होती. भाची उशाशी बसून तिची वेणी घालत होती.

"भीती वाटतेय रे," ताई म्हणाली. "निघालास? आज तरी येतो म्हण. एवढं एकच मागते."

मास्तरच्या ओठांवर शब्द आला होता. खरंच आला होता. पण भाची बघत होती, आणि भाचीसमोर मऊ पडायचं म्हणजे नोकरीभराची बढाई पाण्यात. "जातो, ताई," तो म्हणाला. "उगीच खोटं कशाला?" आणि गेला.

व्याख्यान रंगलं. कडकच्या कवितेतला जड हात त्यानं स्वतःचा हात उचलून दाखवला. टाळ्या पडल्या, हारतुरे झाले. फोन बंद होता. दुपारी हार हातात घेऊनच तो इस्पितळात परतला. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भाची उभी होती.

"मामा, आई मेली."

मास्तर चवताळला. "अगं, काय बोलतेस! आईबद्दल असं बोलतात का? जरा तरी..." हार खाली पडला.

"मग कसं म्हणू?" तिचे डोळे कोरडे होते. "वारली म्हटलं तर तुम्ही मार्क कापता."

तो बाकावर बसला. ताई, ताई म्हणत ढसाढसा रडू लागला. भाचीनं ना त्याच्या पाठीवर हात ठेवला, ना पाणी विचारलं. मग तीच बोलली.

"आत नेताना आईनं विचारलं, मेल्या येतो म्हणाला ना गं? मला नीट ऐकू नाही आलं, म्हणाली."

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हणाला, असं सांगितलं. खोटं बोलले मी, मामा. तेवढ्यावर हसली ती, मग आत नेलं."