बाग आडवी झाली त्याला मीच कारण

पुण्यातल्या नोकरीसाठी बुऱ्हाणपूर सोडलं त्या सकाळी दादा मला स्टेशनवर पोचवायला आला होता. बुधवारा बाजारातून आणलेली मावा जिलेबी खिडकीतून देत म्हणाला, "टाइमपे जेवत जा." मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

पंधरा दिवसांपूर्वीच वादळात आमची तापीकाठची केळीची बाग घडांसकट आडवी झाली होती. वारा अडवायला पश्चिमेला शेवरीची झाडं दाट लावलेली असतात, ती मी तोडली होती. का, तर मोटरसायकल थेट विहिरीपर्यंत जावी! केळीवाल्याच्या पोटी जन्मून एवढीही अक्कल नव्हती. बाबांनी विचारलं तेव्हा मी दादाचं नाव घेतलं. तो "मी नाही" म्हणत राहिला, पण मी धाकटा, शिकलेला, म्हणून माझंच खरं ठरलं. मजुरांसमोर बाबा त्याला बोलले, "तुह्या हाती बाग देऊन मी भरून पावलो." तेव्हापासून घरात त्याला कुणी काही विचारेनासं झालं.

पुण्यात मला फ्लॅट मिळाला, प्रमोशन मिळालं. मागच्या वर्षी लेकीच्या होमवर्कमध्ये 'पश्चात्ताप' आला. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे पोळणं. आपला पस्तावा आणि आमच्याकडचा पछतावा, दोघंही त्याच कुळातले. तिला हे समजावताना मलाच लाज वाटली. इतकी वर्षं मी घरबसल्या पोळून घेत होतो आणि त्यालाच प्रायश्चित्त समजत होतो. आई असती तर म्हणाली असती, "पछताके काय होतं? जाऊन सांग."

गेलो. बाबांना सगळं सांगितलं.  ते काठी घेऊन उठले. "मले सांगून काय होतं? त्याले मी मजुरांसमोर बोललो होतो. चाल बागेत."

बागेत घड उतरवणं चालू होतं. त्या सगळ्या माणसांसमोर मी मोठ्याने सांगितलं. बाबांनी दादापुढे हात जोडले. दादाने ते घाईघाईने खाली केले आणि माझ्याकडे न बघता पुन्हा कामाला लागला.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले कितीतरी जण घराची आठवण काढून डोळे पुसतात. मीही पुसायचो. आता दर महिन्याला गाडी पकडतो. दादा दार उघडतो, पाणी देतो, बोलत मात्र नाही. तो त्याचा हक्क आहे. तो बोलेपर्यंत मी जात राहणार, आणि नाहीच बोलला तरी जाणार. ते माझं घर आहे.