सागवानाचा टोन

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक वाद्य घेऊन जातं आणि किस्सा इथंच ठेवून जातं. बीडच्या बाजारात माझं असं दुकान आहे. पेटीचा भाता बदला, बेंजोच्या तारा ओढा, यात बरी वर्षं गेली. मग लोक मोबाइलवर गिटारचे व्हिडिओ बघायला लागले आणि माझ्यामागं नवीन ताप लागला : लाकूड! स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेणारा प्रत्येक जण आता आल्या आल्या विचारतो, "लाकूड कोणतं?" बोटं कशी ठेवायची, हे कुणी विचारत नाही.

लाकडानं फरक पडतो, नाही असं नाही. पण थोडा. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तार हलते, तिच्याखालचा पिकअप ते हलणं पकडतो आणि पुढं स्पीकर बोलतो. लाकडाचा वाटा शांत खोलीत कान देऊन बसलं तर कळतो. लग्नाच्या मांडवात, शेजारी जनरेटर धडधडत असताना, कुणाच्या बापाला कळत नाही! हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना मलाच जांभई येते.

आमच्या अड्ड्यात आम्ही तिघं. मी, समोरच्या फर्निचरच्या दुकानातले रफीकचाचा, आणि सोपान. सोपान एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्राचे मालक बबनराव त्याला उठता-बसता ऐकवतात, "तुझ्या गिटारीला टोन न्हाई. कीबोर्डचं बटन दाबलं की गिटार वाजती, मंग तुला कावून ठिवू?" सोपानचा हात गोड आहे, पण भित्रा. चूक होईल म्हणून तारेला जेमतेम शिवतो. दुसरा कुणी असता तर रियाज वाढवला असता. ह्यानं लाकूड बदलायला घेतलं!

*

पहिला किस्सा नेकनूरच्या एका पाटलांचा. मुलीला गिटार पाहिजे म्हणून आले. सोबत गावाकडचा सुतार! सुतारानं गिटार उलटीपालटी केली, नखानं रंग खरवडला, नाकाला लावून वास घेतला. मी बघत राहिलो. सकाळपासून तिसरं गिऱ्हाईक, भांडायची ताकद उरली नव्हती.

"हलकं लाकूड हाय पाटील," सुतारानं निकाल दिला.

मी मुलीकडं वळून पिकअप, तारांची उंची, गळ्याचा बाक, सगळं समजावून सांगितलं. पोरगी हुशार, माना डोलवत होती. पाटील मधेच म्हणाले, "ते सगळं ठीक हाय. वाळवी लागन का, ते सांगा."

"नाही लागणार."

"मंग बांधा!"

*

सोपाननं महोगनीचा ध्यास घेतला तेव्हाची गोष्ट. महोगनी म्हणजे महागड्या गिटारींचं लाकूड. त्याच्यात टोन उबदार येतो, असं त्यानं कुठंतरी ऐकलं. महिनाभर दुसरा विषय नाही! शेवटी कंटाळून मी म्हणालो, "तोंड भिंतीकडं कर. तीन गिटारी वाजवतो. महोगनीची कोणती ते सांग."

तो भिंतीकडं तोंड करून बसला. मी वाजवलं.

"पातळ," सोपान म्हणाला. "खोक्याच्या फळीची दिसती."

दुसऱ्यांदा वाजवलं. "बरी हाय."

तिसऱ्यांदा मी जरा रेटून वाजवलं. सोपाननं डोळेच मिटले. "अण्णा, हीच! काळजाला भिडली! हीच महोगनी!"

"वळ."

तो वळला. माझ्या हातात त्याचीच गिटार होती. तिन्ही वेळा तीच. समोरून चाचा बघत होते, ते हसून हसून खुर्चीवरून खाली यायचे बाकी राहिले. मला वाटलं, चला, एकदाचा पिच्छा सुटला. सोपाननं मात्र गिटार घेऊन तिच्या पाठीवर तळहात फिरवून बघितला. मग गंभीरपणे म्हणाला, "म्हंजी आमच्या घरातली हवाच दमट हाय."

*

मग निघालं बाभळीचं खूळ. लाकूड जड असलं की सूर लांबतो, हे सोपाननं नव्यानं वाचलं होतं. आपल्याकडं जड म्हणजे बाभूळ. चाचांनी परोपरीनं सांगितलं, ऐकेना. शेवटी चाचांनी करवत मोडून घेतली, पण बाभळीची गिटार करून दिली. सूर लांबत होता, खोटं कशाला बोलू? सूर लांबत होता आणि सोपानचा डावा खांदा खाली येत होता.

उमापूरला हळदीचा कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्याला सोपान वाकला, पाचव्याला खुर्चीवर बसला, त्यानंतर त्यानं गिटार मांडीवर आडवी घेतली. मांडवातल्या एका म्हातारीनं नवरदेवाच्या आईला विचारलं, "बाई, त्या पोराला काय होतंय? त्याला आदी जेवू घाला!"

दुसऱ्या दिवशी खांद्याला पट्टा बांधून सोपान दुकानात. चाचांना राहवलं नाही. म्हणाले, "बाभळीचं औत बैलानं वढायचं असतंय, बे. तू कावून जुपून घेतलंस?"

*

एकदा तर पुढारी मधे पडले! बबनरावांची ओळख मोठी. कुणातरी भाऊंच्या कानावर गेलं, की एका कलाकाराला चांगलं लाकूड मिळत नाही. भाऊ हळहळले. त्यांच्या मळ्यात जुना कडुलिंब पडला होता. दोन कार्यकर्ते गाडीत ओंडका घालून घेऊन आले, ओंडक्यासोबत आमचे तिघांचे फोटो काढले, आमच्या गळ्यात हारही घातले. ओंडक्याला पण एक घातला.

चाचांनी लिंबाची गिटार केली. खरंच बरी वाजत होती. हलकी, नीटस. मी म्हणालो, बाबा, आता थांब. तेवढ्यात कार्यकर्ते परत आले. गिटारवर भाऊंचा फोटो पाहिजे. बरं, लावा. मग दोन उपभाऊंचे पाहिजेत. मग खाली शुभेच्छुकांची नावं! टोनच्या आणि व्हॉल्यूमच्या बटणांवरसुद्धा माणसं चिकटवली. सोपान विचारत होता, "टोन वाढवायचा कुठून?"

"युवा नेत्याचं नाक फिरवा," कार्यकर्ता म्हणाला.

विरोधी गटाच्या लग्नात ती गिटार काढता येईना. बबनराव चिडले ते चिडलेच. "चकलांब्याच्या यात्रेपत्तर वाट बघतो," ते सोपानला म्हणाले. "तितंबी हाच टोन ऱ्हायला तर तुझी जागा कीबोर्डाला."

*

चकलांबा सोपानची सासुरवाडी. आता त्याचं तोंड उतरलं. नोकरी जाणार आणि तीही सासऱ्यासमोर! दोन दिवस तो दुकानात नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अण्णा, एक लाकूड हाय. घरातच हाय."

त्याच्या लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, रुखवतात पलंग दिला होता. बांधावरचं सागवान तोडून आबांनी शहरातल्या दुसऱ्याच एका फर्निचरवाल्याकडं पाठवलं आणि त्याचा पलंग करून घेतला. लग्नात मी होतो. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून पलंगापाशी नेत होते, "बापजाद्याचं झाड हाय. लेकीसाठी राखलं होतं!" त्या पलंगाच्या उशाची फळी चांगली रुंद होती.

सोपाननं बायकोला, उज्ज्वलाला विचारलं. तिनं साफ नाही म्हटलं. चार दिवस घरात बोलणं बंद. मग तिला बबनरावांचं कळलं तशी ती फडक्यात गुंडाळलेली फळी घेऊन स्वतः दुकानात आली. म्हणाली, "न्या. पर चाचांनीच कापायची. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका." आणि तशीच बस पकडून निघून गेली.

चाचांनी फळीवर करवत चालवली. हातभर कापली आणि थांबले. वर सागवानाचा कागदासारखा पातळ पापुद्रा आणि आत नुसता दाबलेला भुसा. फर्निचरवाल्यानं म्हाताऱ्याचं झाड ठेवून घेतलं होतं आणि हे पाठवलं होतं.

"पानी लागलं आसतं तर कवाच फुगून फुटलं आसतं," चाचा हळूच म्हणाले. "इतके दिवस टिकलं, याचीच नवाई हाय."

मला म्हाताऱ्याची फार कीव आली. लाकूड लाकूड करून ह्या पोरानं डोकं उठवलं होतं, पण त्या दिवशी त्याला चिडवायची इच्छा झाली नाही. सोपान भुशाचा तो तुकडा हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "अण्णा, आबाला कळाया नको. उज्ज्वलाला तर बिलकूल नको. बापाचा लई अभिमान हाय तिला."

चाचांनी आत जाऊन सागवानाचा एक तुकडा आणला. कुणाच्या तरी दाराच्या चौकटीतून उरलेला. त्याचीच गिटार केली. भुशाची फळी चाचांनी आपल्या हातानं बारीक करून गटारीत टाकली.

यात्रेला मी आणि चाचा मुद्दाम गेलो. गाव सगळं जमलेलं. ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आत आबा स्टेजवर चढले आणि त्यांनी निवेदकाच्या हातातला माइकच घेतला! "लोकहो, ही नुस्ती गिटार न्हाई. माझ्या बांधावरलं सागवान हाय! कान देऊन आइका!"

टाळ्या पडल्या. बबनराव हात बांधून उभे होते. सोपाननं आबांकडं बघितलं आणि पहिलीच तार अशी छेडली की मीच दचकलो! त्या दिवशी त्याला चुकायची भीतीच नव्हती. एकदा चुकला, तेही मोठ्यानं चुकला. समोर बसलेले आबा प्रत्येक गाण्याला शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून सांगत होते, "सागवान! सागवान!" मधेच बबनराव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "टोन आला बरं का अण्णा. लाकडाचा लई फरक पडतो."

मी मान हलवली. वाद घालायचं वय गेलं आता.

तेवढ्यात उज्ज्वला चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना तिनं एकदा बापाकडं बघितलं, मग मला विचारलं, "अण्णा, चाचांनी फळी कापली, तवा आत काय निघालं?"

"सागवान," मी म्हणालो. "अस्सल."

"बरं झालं," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं मी त्या पलंगाला कदी वलं फडकं लागू दिलं न्हाई."